दुतोंडी वायर

शास्त्रज्ञाने वायरीचं एक टोक अंगणातल्या जनरेटरला जोडलं आणि दुसरं हातात धरून तो ऐटीत घरात शिरला. वायर त्याची स्वतःची निर्मिती. दोन्ही टोकांना प्लग! गल्ली त्याला शास्त्रज्ञ म्हणू लागली ती असल्याच उद्योगांमुळे.

“हा प्लग भिंतीत घालायचा, बाहेर जनरेटर सुरू करायचा, की अख्खं घर चालू! ताई, तू नुसती बघत राहा.”

ताईला बघत राहणं परवडणारं नव्हतं. वादळाने वीज जाऊन तीन तास झाले होते. उबवणीयंत्रात साठ अंडी होती, आज-उद्या फुटायची, आणि यंत्राची काच हाताला गार लागत होती. तरीही तिने झडप घालून भावाचं मनगट धरलं.

“भिंतीत घातलेली वीज भिंतीतच बसून राहते होय रे? उलटी निघते आणि बाहेरच्या तारांवर चढते. बघ खिडकीतून, खांबावर कोण आहे?”

त्याने पाहिलं. गल्लीच्या टोकाला, कमरेला पट्टा बांधून, त्याची स्वतःची लेक तुटलेली तार जोडत होती. लाइनवरची नोकरी तिने भांडून मिळवली होती.

शास्त्रज्ञाने हातातला प्लग टाकून दिला. ताईने वायर उपटून आणली आणि कात्रीने तिचं एक तोंड छाटून टाकलं.

“आता ती साधी जाड वायर काढ, एकाच टोकाला प्लग असलेली. जनरेटर ने अंगणाच्या पार टोकाला, खिडक्यांपासून लांब. आणि वायरीची गुंडाळी पूर्ण सोड, गुंडाळलेली तापते. आपल्याला अंडी उबवायचीत, उकडायची नाहीत.”

“फ्रिजही जोडू?”

“नको.”

“निदान पंखा?”

“वारा हवा तर कुंपणावर जाऊन बस.”

एक वायर, एक यंत्र. जनरेटर असा घरघरला, की तीन घरं सोडून राहणाऱ्या आजोबांची कवळी पेल्यातून उडी मारून बाहेर आली. आजोबांना विचारा, ती अजून दचकते.

त्या घरघरीतच पहिलं अंडं तडकलं. मग दुसरं. ऊन कलेपर्यंत साठ अंड्यांतून एकसष्ट पिल्लं निघाली. ताईने दोनदा मोजली.

लेक खांबावरून उतरली, वीज आली, जनरेटर बंद झाला. आणि एकसष्ट पिल्लांनी एकच कालवा केला! कवचात असल्यापासून कानी पडलेली त्यांची आईच गप्प झाली होती. दाणे नकोत, पाणी नको, नुसता आकांत.

लेक दमूनभागून फाटकाशी आली आणि थबकली. घरातून घरघर ऐकू येत होती.

“जनरेटर घरात? अहो, धुराने मराल सगळे!” ओरडत ती हेल्मेटसकट आत धावली.

खोलीच्या मधोमध तिचे बाबा ओणवे होऊन, गाल फुगवून, घामाघूम घरघरत होते. त्यांच्या पाठीवर, बाहीत, टकलावर पिल्लं गाढ झोपली होती.

“आत्या, अगं हे काय?”

“असू दे,” आत्या हळूच म्हणाली. “हा घरात चालतो. याला धूर नाही.”