शेवटचा फ्यूज

धुक्यातले दिवे, हँडलच्या तापणाऱ्या मुठी आणि मोबाइलचा चार्जर मोटारसायकलवर बसवता बसवता सासूबाईंची कंबर मोडली. नवऱ्यामागे वायरिंगचे दुकान त्यांनीच चालवले होते, आणि शेवटचा फ्यूज गाडीच्या मालकानेच बसवायचा, हा त्या दुकानाचा दंडक होता. "आई, फ्यूज कुठाय?" उद्या एकटीच लांबच्या सफरीला निघणाऱ्या सुनेने विचारले. फ्यूज सासूबाईंनी मुठीत आवळला होता. मुलाच्या मृत्यूपासून झाकलेल्या या गाडीचा मालक त्यांच्या लेखी अजून तोच होता. "सकाळी बघू. दमले मी." "मग एवढा तुम्हीच बसवून टाका की." "मी कशाला? जिला चालवायची तिने बसवावा!" तोंडातून निघून गेलेला शब्द माघारी घेणे सासूबाईंच्या स्वभावात नव्हते. त्यांनी मूठ उघडली. सुनेने फ्यूज बसवला, आणि दिवे लख्ख पेटले. "खाली वळव तो झोत," सासूबाई डोळे टिपत म्हणाल्या.