काय म्हणायचो मी?

मासळी साफ करता करता सासूने फोन उचलला आणि खवल्यांनी भरलेला हात तसाच सुनेपुढे केला. “रेवती, बघ गो, जिता आहे माझा पोरगा!”

फेसबुकवर रेवतीच्या नवऱ्याचाच फोटो होता. खाली निरोप होता, ‘आई, मी सुखरूप आहे, पण अडकलोय. पैसे पाठव.’ वादळात ट्रॉलर बुडाला, तेव्हा बाकीच्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली होती. त्याचं तेवढं लागलं नव्हतं.

“अहो, फोटो कुणीही उचलतं!” रेवती करवादली. “ते तुम्हाला आई कधी म्हणाले होते? माई म्हणायचे ना?”

सासूचा चेहरा विझला. ती पुन्हा विळीवर बसली, पण हातातला बांगडा काही चिरेना.

रेवती फोन घेऊन मागच्या पडवीत गेली. ब्लॉक करायच्या आधी त्या मेल्याला चांगलं झापावं, म्हणून तिने लिहिलं, ‘लाज नाही वाटत? माझा नवरा आईला आई म्हणत नव्हता.’

लगेच उत्तर आलं. ‘डोक्याला मार लागलाय. आठवत नाही. काय म्हणायचो मी?’

ढळढळीत खोटं होतं. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तिने अंगठा ब्लॉकवर नेला. आतून विळीचा आवाज अजून येत नव्हता.

अंगठा मागे आला. ‘तिला माई,’ तिने लिहिलं. मग डोळे पुसून पुढे लिहिलं, ‘आणि मला रेवू. म्हण ना एकदा.’