सारंग होता म्हणून

चैत्रालीने पेढ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि सारंगचं कौतुक पुढे चालू ठेवलं. सिंगापूरमधल्या क्लेमेंटीच्या त्या फ्लॅटच्या इवल्याशा स्वयंपाकघरात दीप्ती औक्षणाचं तबक लावत होती. बाहेर हॉलमध्ये तिची धाकटी बहीण गार्गी आणि सारंग पाटांवर बसले होते, पुण्याहून बाबा टॅबच्या पडद्यावर डोकावत होते, आणि साखरपुडा फक्त तबकापायी अडला होता.

चैत्राली मराठी मंडळातली जुनी मैत्रीण. सारंग दर लाँग वीकेंडला मंडळातल्या कुणाला ना कुणाला थायलंड दाखवून आणायचा, तशी गेल्या वर्षी तीही फुकेतला जाऊन आली होती. तिथे पोलिसांनी व्हॅन अडवली, सीटखालून कुणाची तरी ई-सिगारेट काढली, जिला तिथे बंदी आहे, पासपोर्ट ताब्यात घेतले आणि थेट जेलची भाषा सुरू केली. सारंगला थाई येतं. तो मध्ये पडला, म्हणून पैसे-दागिन्यांवर निभावलं.

"आमचंही अगदी असंच झालं," दीप्ती म्हणाली.

गेल्या महिन्यातलीच गोष्ट. दीप्ती, नवरा निशिकांत, तान्हं बाळ आणि सारंग. गार्गी कामामुळे गेली नव्हती. परत आल्यावर हा प्रसंग ऐकून बाबांनी फोनवरच होकार देऊन टाकला. परक्या मुलखात पाठीशी उभा राहणारा जावई मिळायला भाग्य लागतं म्हणाले. तोवर त्यांचं तळ्यात-मळ्यात चाललं होतं.

"आणि काय नजर गं मेल्यांची," चैत्राली हसली. "मी चेन काढून चिवड्याच्या डब्यात दडवली होती. एवढ्या सामानातून त्या पोलिसाने नेमका चिवड्याचा डबा मागितला."

"तू कुणाला बोलली होतीस?"

"कुणाला बोलणार? सारंगला सांगितलं, तेवढा डबा सांभाळ म्हणून. तेही मराठीत."

दीप्तीच्या हातातली वात तेलात बुडाली. तिने ती बाहेर काढली नाही.

इथल्या मराठी माणसांना ही सवयच लागलेली असते. टॅक्सीत, लिफ्टमध्ये, दुकानात भाव करताना, जे झाकायचं ते खुशाल मोठ्याने मराठीत बोलायचं. कुणाला कळतंय? दीप्तीनेही त्या दिवशी तेच केलं होतं. आई गेल्यापासून तिच्या पाटल्या दीप्तीने हातातून काढल्या नव्हत्या. समुद्रावर जाताना पाटल्या कसल्या घालतेस म्हणून निशिकांतने चिडवलं तरी नाही. पोलीस दिसल्यावर मात्र तिने त्या उतरवून बाळाच्या एका कोऱ्या डायपरमध्ये गुंडाळून पिशवीत ठेवल्या, आणि सारंगला मराठीत सांगून ठेवलं. सारंग खाली उतरून पोलिसाशी बोलून आला. मग पोलीस आला. बॅगा, पर्स, कशाकडेच न बघता त्याने डायपरची पिशवी उचलली.

बाळं असणाऱ्यांच्या युक्त्या त्यांना पाठ असणार, असं तेव्हा तिने स्वतःला समजावलं होतं. आता तिला सगळं लख्ख दिसलं. कुंपणच शेत खात होतं, आणि महिनाभर ती त्याच कुंपणाचे गोडवे गात होती.

निशिकांत घाई करायला आत आला. दीप्तीने पेढ्यांचं ताट देऊन चैत्रालीला बाहेर पाठवलं आणि त्याला दोनच वाक्यांत सांगितलं. तो दचकेल, भडकेल, बाहेर जाऊन सारंगची कॉलर धरेल असं तिला वाटलं होतं. त्याने आधी स्वयंपाकघराचं दार लोटलं.

"हळू बोल," तो म्हणाला. "मला माहीत आहे."

दीप्ती वळून थेट त्याच्यासमोर आली.

"परत आल्यावर तोच माझ्याकडे आला. रडला. तिथल्या त्या लोकांशी त्याचं ठरलेलं असतं, पण आता सोडलं म्हणाला सगळं. पाटल्याही परत केल्या त्याने. माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहेत. लग्न पार पडलं की तुला देणार होतो."

महिनाभर ती रोज त्या पाटल्यांसाठी रडली होती. मोकळ्या मनगटावर हात फिरवत बसली की हाच माणूस शेजारी येऊन तिची समजूत घालायचा, आईची आठवण का सोन्यात असते म्हणायचा. सारंगचा तिला संताप आला होता, पण चोराचा संताप तरी करता येतो. याचं काय करायचं ते तिला कळेना.

निशिकांत समजावणीच्या सुरात बोलतच होता. पोलीस तिथे सगळ्यांनाच लुबाडतात, सारंग असो वा नसो. मुलगा एरवी चांगला आहे, वन-नॉर्थला उत्तम नोकरी आहे. बाबांना या वयात असला धक्का सोसेल का? आणि गार्गीला कशाला सांगायचं, ती कुठे त्या व्हॅनमध्ये होती?

"आपलं काय गेलं, सांग ना," तो म्हणाला. "सगळं परत मिळालं."

दीप्तीने तबक ओट्यावरच ठेवलं आणि दार उघडलं.

हॉलमध्ये तबकाची वाट बघून सगळे कंटाळले होते. तोवर एक फोटो तरी काढू म्हणून कुणीतरी अंगठी सारंगच्या हातात दिली होती. बाबा पडद्याच्या अगदी जवळ आले होते. गार्गी लाजून हसत होती आणि तिने हात पुढे केला होता.

"गार्गी," दीप्ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हात मागे घे."