चार अधिक चार

दिराने संगणकाला जोडायच्या साठवणीच्या डब्यात चार-चार टीबीच्या दोन डिस्क बसवल्या आणि वहिनीला सांगितलं, जागा चारच टीबी मिळेल.

"आमच्या वेळी चार अधिक चार आठ व्हायचे," ती म्हणाली.

त्याने समजावलं. सगळं दोन्ही डिस्कवर लिहिलं जातं. एक बंद पडली तरी दुसरीवर शाबूत राहतं. आठ हवे असतील तर तसंही करून देतो, पण मग जे गेलं ते गेलं.

वहिनी निवृत्त स्पीच थेरपिस्ट. तीस वर्षं तिने अडखळत बोलणाऱ्या मुलांना बोलतं केलं होतं. त्या तासांचं चित्रीकरण सहा टीबी भरत होतं. तिने दुहेरीच ठेवायला सांगितलं. म्हणजे दोन टीबी पुसणं आलं. परस्पर पुसणं जिवावर आलं, म्हणून तिने एकेकाला फोन लावले. बहुतेक जण खुशाल पुसा म्हणाले. एकाला तर आपण अडखळायचो हेच आठवेना.

त्यांतला एक, आता टीव्हीवर बातम्या वाचणारा, मात्र स्वतः घरी आला. माझ्या डोळ्यांदेखत पुसा, म्हणाला. कुणाच्या हाती लागलं तर उगाच शोभा व्हायची.

हेच का ते, याची खात्री करायला तिने चित्रीकरण लावलं. पडद्यावर नऊ वर्षांचा मुलगा मूठ आवळून स्वतःचं नाव सांगत होता. पहिलं अक्षर सुटायला दीड मिनिट लागलं.

त्याने शेवटपर्यंत बघितलं. मग खालच्या आवाजात विचारलं, याची एक प्रत मिळेल का? त्याची मुलगी सहा वर्षांची होती, तीही अडखळायची. दोन महिने झाले, ती शाळेत तोंडच उघडत नव्हती. बाबाला सगळं न अडखळता येतं, असं तिने धरून ठेवलं होतं.

पेन ड्राइव्हवर प्रत झाली. दिराने माउस हातात घेतला. आता इथलं काढायला हरकत नाही, म्हणाला, तेवढीच जागा होईल.

"नको," बातम्या वाचणारा म्हणाला. "द... द..."

दीर शब्द पुरवायला गेला. वहिनीने हात आडवा धरला. खाली रस्त्यावरून एक गाडी गेली, मग दुसरी.

"दोन्हीकडे असू द्या, बाई."