जाण्याचा उत्तम मोसम

युरोपातल्या त्या जुन्या शहराचं वर्णन करताना टूरवाला असा रंगात यायचा, की तिथला किल्ला जणू याच्याच आजोबांनी बांधला होता. स्वतः मात्र त्यानं कधी गावाची वेस ओलांडलेली नव्हती.

"मावशी, आत्ता भर हिवाळ्यातच जा. गर्दी नाही, हॉटेलं अर्ध्या भावात, आणि पुलावर नुसता बर्फच बर्फ!"

"नको रे. बर्फ वितळला की जाईन."

"तेव्हा तिथं पाय ठेवायला जागा नसते! मुलगा तिथं राहतो आणि तुम्हाला साधा मोसम कळेना? कुणी भरवलं हे डोक्यात?"

"दफनभूमीवरच्या माणसानं," मावशी म्हणाल्या. "जमीन गोठलीय म्हणे. ती मऊ होईतोवर पोराचा खड्डा खणता येत नाही."