तांदळातले देव

“प्लेगच्या साली गोरे सोजीर याच गल्लीत घरोघरी शिरले,” आम्हाला जुनं पुणं दाखवणारा गाईड सांगत होता. “रोगी शोधायच्या नावाखाली माजघरं उपसली, देव रस्त्यावर फेकले. मग कुणी कुणी देव धान्यात लपवले.”

पाण्याची बाटली मी तोंडाशी नेली होती, ती तशीच राहिली. आमच्याकडे पूजा झाली की देव तांदळाच्या डब्यात जातात आणि वर घट्ट झाकण लागतं. कारण विचारलं तर सासूबाईंचं एकच उत्तर, “आपल्यात असंच असतं.” कालच मी चिडले होते, की मग एवढा संगमरवरी देव्हारा आणला कशाला?

घरी येऊन त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी तांदळाच्या डब्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, “माझ्या सासूबाईंनाही हे ठाऊक नव्हतं गं.”

दुसऱ्या दिवशी पूजेनंतर त्यांनी पहिल्यांदाच देव देव्हाऱ्यात राहू दिले. तेवढ्यात बेल वाजली. मी दार उघडून दूध घेऊन आले, तर देव्हारा रिकामा. डब्याचं झाकण घाईत तिरकं बसलं होतं.

मी झाकण घट्ट लावलं.