तारीख आतल्या बाजूला

जीपचे चारही टायर बदलून झाले होते, आणि ते भलतेच होते.

नर्सबाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. नवरा खुर्चीत बसून चहा पीत होता. टायरचा दुकानदार त्याचा शाळेतला मित्र. तो चाकावर थोपटत म्हणाला, "बघा वहिनी, कसा रुबाब आलाय! रणगाडा वाटतोय की नाही?"

टायरवर मुठीएवढे रबराचे गोटे होते.

"चिठ्ठीवर मी काय लिहून दिलं होतं?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"अगं, ते तुझे सगळ्या रस्त्यांचे ऑल-टेरेन म्हणजे धड ना इकडचे, ना तिकडचे. हे अस्सल चिखलाचे. हा म्हणाला, डोंगरावरच्या वस्तीवर जायचं तर हेच घाल."

"वस्तीवर कोण जातं? तू की मी?"

नवऱ्याने चहाचा घोट घेतला.

"रोजचं सत्तर किलोमीटर डांबर आणि नऊ किलोमीटर दगड. त्यात चिखल कुठाय? हे गोटे ओल्या डांबराला धरत नाहीत. ब्रेक मारला की गाडी साबणासारखी सुटते. अडलेल्या बाया आणते मी यातून खाली, भाजी नाही आणत."

"वहिनी, तुम्ही उगाच घाबरता," दुकानदार हसला. "गाडीचं आमच्यावर सोडा. तुम्ही आपल्या सुया टोचा."

नवराही हसला. जरासाच, पण हसला.

बाईंची कानशिलं तापली. टायर कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला ते सांगणारे चार आकडे त्यावर असतात. मघापासून त्या तेच शोधत होत्या. चारांपैकी एकाही चाकावर ते बाहेरून दिसत नव्हते. त्यांनी पर्स बॉनेटवर ठेवली आणि पांढऱ्या गणवेशानिशी त्या काळ्या, तेलकट फरशीवर सरळ उताण्या झाल्या.

"अगं, ऊठ! लोक बघतायत."

"बघू देत."

मोबाईलचा उजेड घेऊन त्या गाडीखाली सरकल्या. आता नुसता आवाज येत होता.

"हा सात वर्षांचा. हाही सात. हा तर आठ. नखाने दाबावं तर दबत नाही, रबराचा दगड झालाय. तारखा तेवढ्या नेमक्या आतल्या बाजूला आल्या हो, भावजी? आणि बाहेरून पॉलिश!"

"वापरलेले नाहीयेत ते. गोदामात पडून होते," दुकानदार म्हणाला, पण त्याचा आवाज खाली आला होता. "पडून राहून रबराला काय होतंय?"

बाई बाहेर आल्या. पाठ काळी झाली होती. ती झटकायला हात पुढे करण्याची नवऱ्याची हिंमत झाली नाही. त्यांनी जीपचं मागचं दार सताड उघडलं. आत रेक्झिनची गादी घातलेला लांब बाक होता.

"चढा. दोघंही. आडवेच व्हा, बायाही आडव्याच असतात. रस्ता ओला आहे ते बरंच झालं. घाट उतरून दवाखान्यापर्यंत जाऊ. कळा सुटलेली बाई मागे असली की जेवढ्या वेगाने नेते, तेवढ्याच वेगाने."

त्या पुढे जाऊन बसल्या. इंजिन सुरू झालं.

नवऱ्याने मित्राकडे पाहिलं. मित्राने रस्त्याकडे. पाय एकाचाही उचलेना.

बाईंनी हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. दुकानदार टायर उतरवायला जॅक घेऊन धावत आला, तरी त्यांनी हात काढला नाही.